रेषेच्या अलीकडची जागा



मानवतच्या मोंढ्यात कापसाची गाडी येऊन उभी राहिली की भावाच्या आधी ओलावा पाहिला जातो. भारतीय कापूस महामंडळाच्या, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या सीसीआयच्या, खरेदीचा नियम इथल्या कापूस पिकवणाऱ्या घरांना पाठ आहे. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण हमीभाव. त्यापुढे दर टक्क्याला हमीभावाच्या १ टक्का कपात. आणि १२ टक्क्यांच्या वर गेला तर माल परत. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये ठरला, म्हणजे एका टक्क्याची कपात ८१ रुपये १० पैसे. ९ टक्क्यांना ८०२८ रुपये ९० पैसे, १० टक्क्यांना ७९४७ रुपये ८० पैसे, आणि शेवटच्या पायरीवर, १२ टक्क्यांना, ७७८५ रुपये ६० पैसे. मीटरने १२.१ दाखवले तर सीसीआयच्या केंद्रावर भाव शून्य.

शाळेच्या फळ्यावर हाच नियम एका ओळीत मावतो. ओलाव्याला क्ष म्हटले, तर कपातीसह खरेदीची अट होते ८ < क्ष ≤ १२. संख्यारेषा काढायची, ८ वर पोकळ ठिपका द्यायचा, कारण ८ ला कपात नाही; १२ वर भरीव ठिपका द्यायचा, कारण १२ चालतात; आणि दोन ठिपक्यांमधली रेषा ठळक करायची. झाला आलेख. बीजगणित शिकू लागलेल्या मुलाला हे पाच मिनिटांत जमते. पण तो ठिपका भरीव की पोकळ, एवढ्या प्रश्नावर एका घराचा वर्षाचा माल आत राहतो किंवा बाहेर जातो, हे त्याला त्याच पाच मिनिटांत कुणी सांगत नाही. आजचे व्याख्यान रेषीय असमानतांवर, म्हणजे ‘पेक्षा कमी’ आणि ‘पेक्षा जास्त’च्या गणितावर आहे, आणि त्यातला मुख्य आग्रह एवढाच की हे गणित शाळेत जेवढ्या घाईने उरकले जाते तेवढे ते लहान नाही.

सीमेचा ठिपका सरकला की काय होते, याचे ताजे उदाहरण सोयाबीनचे आहे. सोयाबीनच्या हमीभाव खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के होती. २०२४ च्या पावसाने काढणीच्या वेळीही पिच्छा सोडला नाही, माल ओला राहिला, आणि त्या वर्षी नोव्हेंबरात केंद्र सरकारने त्या हंगामापुरती मर्यादा १५ टक्के केली. क्ष ≤ १२ चे क्ष ≤ १५ झाले. सोयाबीन तेच, शेतकरी तेच, हमीभावही ४८९२ रुपयेच; संख्यारेषेवरचा एक भरीव ठिपका तीन घरे उजवीकडे गेला आणि कालपर्यंत परत जाणारा माल आज खरेदीत बसला.

कापसाच्या नियमात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. १०० किलो कापसात १२ टक्के ओलावा म्हणजे १२ किलो पाणी आणि ८८ किलो कोरडा माल. हा कापूस वाळवून ८ टक्क्यांवर आणला तर कोरडा माल तेवढाच राहतो, पण एकूण वजन भरते साधारण ९५.६५ किलो. त्याला पूर्ण हमीभाव मिळाला तरी पैसे होतात सुमारे ७७५७ रुपये. न वाळवता, १२ टक्क्यांवरच घातला असता तर मिळाले असते ७७८५ रुपये ६० पैसे. म्हणजे कपात जवळजवळ पाण्याच्या वजनाइतकीच आहे, आणि ८ ते १२ च्या आत शेतकऱ्याने कापूस कुठेही ठेवला तरी पदरात पडणारी रक्कम फारशी हलत नाही. हलते ती फक्त १२ च्या कडेला. १३ वरून १२ वर आणण्यासाठी अंगणात ताडपत्री पसरून कापूस दोन दिवस उन्हात खालीवर करणे सर्वस्वी फायद्याचे. १२ वरून ८ वर आणण्यासाठी तीच मेहनत करण्यात हिशेबाने काही हाती लागत नाही. ही गोष्ट समीकरणातून दिसत नाही, कारण समीकरण एका बिंदूचे बोलते. ती दिसते दोन मर्यादांमधला पट्टा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे पाहिल्यावर.

आता असमानता सोडवण्याकडे. उदाहरणापुरते धरू की खासगी व्यापारी ओलावा न मोजता सरसकट ७९०० रुपये देतो आहे. किती ओलाव्यापर्यंत सीसीआयकडे जाणे तोट्याचे नाही? मांडणी अशी:

८११० − ८१.१ (क्ष − ८) ≥ ७९००

दोन्ही बाजूंतून ८११० वजा केले की उरते − ८१.१ (क्ष − ८) ≥ − २१०. इथवर समीकरणाचीच रीत. पुढच्या पायरीवर मात्र दोन्ही बाजूंना − ८१.१ ने भागायचे आहे, आणि इथेच चिन्ह उलटते: क्ष − ८ ≤ २.५९, म्हणजे क्ष ≤ १०.५९. मीटरवर १०.५ आले तर सीसीआय, १०.६ आले तर व्यापारी. चिन्ह उलटवायला विसरलेला विद्यार्थी नेमके उलटे उत्तर काढतो: ओला कापूस सीसीआयला, कोरडा व्यापाऱ्याला. त्याच्या वहीत एक गुण जाईल. मोंढ्यात दर क्विंटलमागे पैसे जातील.

ऋण संख्येने गुणले किंवा भागले की चिन्ह उलटते, हा नियम बहुतेक वर्गांत घोकून घेतला जातो आणि म्हणूनच परीक्षेत विसरला जातो. त्याचे कारण मात्र या देशात फार जुन्या काळापासून हाताशी आहे. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धान्तात धन आणि ऋण राशींचे नियम दिले, आणि ऋण म्हणजे कर्ज हे ज्या समाजाला सांगावे लागत नाही त्या समाजाला उलटलेले चिन्हही सांगावे लागू नये. एकाच्या गाठीला पाच हजार, दुसऱ्याच्या तीन हजार, पहिला वरचढ. पहिल्याच्या डोक्यावर पाच हजारांचे कर्ज, दुसऱ्याच्या डोक्यावर तीन हजारांचे. आता दुसरा वरचढ. ५ > ३, पण − ५ < − ३. संख्यारेषेवर प्रत्येक संख्या शून्याच्या पलीकडे नेऊन ठेवली की डावे-उजवे बदलते, आणि चिन्ह त्या बदलाची नोंद घेते. सातवी-आठवीतल्या मुलाला हे एकदा असे पटले की पुढे घोकावे लागत नाही.

चिन्हांचा इतिहास थोडक्यात. बरोबरचे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाने १५५७ मध्ये छापले. ‘<’ आणि ‘>’ ही चिन्हे पहिल्यांदा छापील पुस्तकात आली ती १६३१ मध्ये, थॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाच्या बीजगणितावरच्या ग्रंथात. हॅरियट तोवर वारून दहा वर्षे झाली होती. या चिन्हांखाली बरोबरची खूण जोडण्याची पद्धत पिअर बुगे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७३४ मध्ये वापरली. माणूस हजारो वर्षे कमी-जास्त तोलत आला, पण त्यासाठी स्वतंत्र खूण मिळायला इतका काळ गेला. समीकरण हाच गणिताचा मुख्य रस्ता आणि असमानता ही आडवाट, हा समज आजच्या पाठ्यक्रमातही शिल्लक आहे. महाराष्ट्रात दहावीच्या बीजगणिताची सुरुवातच दोन चलांतील रेषीय समीकरणांनी होते, आलेखासह. दोन चलांतल्या असमानतांचा आलेख आणि त्यावर उभे राहिलेले रेषीय नियोजन भेटते ते दहावीनंतर, तेही गणित घेतलेल्यांनाच. दहावीनंतर शेती सांभाळणारा मुलगा किंवा मुलगी त्या पानापर्यंत पोचतच नाही, आणि त्या पानाची गरज सगळ्यांत जास्त त्यांनाच असते.

ते पान आता उघडू. पाच एकर रान आहे. कापूस क्ष एकर, सोयाबीन य एकर. पहिली अट जमिनीची: क्ष + य ≤ ५. हंगामाला घालायला ९० हजार रुपये आहेत. हिशेब सोपा राहावा म्हणून कापसाला एकरी २५ हजार आणि सोयाबीनला १५ हजार खर्च धरू. दुसरी अट: २५क्ष + १५य ≤ ९०, पाचाने भागून ५क्ष + ३य ≤ १८. आणि क्ष, य दोन्ही शून्य किंवा त्याहून जास्त, कारण उणे एकरात पेरणी होत नाही.

आलेखकागद घ्यायचा. आधी क्ष + य = ५ ही रेषा, (५, ०) आणि (०, ५) जोडणारी. मग ५क्ष + ३य = १८ ही रेषा, (३.६, ०) आणि (०, ६) जोडणारी. दोन्ही अटींत ‘किंवा बरोबर’ आहे, म्हणून दोन्ही रेषा सलग. नुसते ‘पेक्षा कमी’ असते तर तुटक काढल्या असत्या. रेषेने कागदाचे दोन भाग केले. आपला भाग कोणता? सर्वांत सोपी कसोटी आरंभबिंदूची. ५ गुणिले ० अधिक ३ गुणिले ० म्हणजे ०, आणि ० ≤ १८ हे खरे; म्हणून आरंभबिंदू ज्या बाजूला ती बाजू आपली. पेन्सिलीने ती छायांकित करायची. दुसऱ्या रेषेचेही तसेच. दोन्ही छाया जिथे एकमेकींवर पडतात तो चौकोन म्हणजे या शेतकऱ्याच्या हातातल्या सगळ्या शक्यता. वर्गात विद्यार्थी सर्वांत जास्त चुकतो तो इथे: चिन्हाचे तोंड पाहून ‘≤ म्हणजे खालची बाजू’ असे ठरवून टाकतो. य − क्ष ≤ ० मध्ये ते खरे ठरते, क्ष − य ≤ ० मध्ये खोटे. कसोटीचा बिंदू घालून पाहणे हाच भरवशाचा मार्ग. रेषा आरंभबिंदूतूनच जात असेल तर (१, ०) घ्यावा. दुसरी नेहमीची चूक ‘किमान’ची. शब्द लहानाची आठवण करून देतो म्हणून मुले ≤ लिहून मोकळी होतात, आणि किमान १० म्हणजे १० किंवा त्याहून जास्त हे निसटते.

आपल्या चौकोनाचे कोपरे चार: (०, ०), (३.६, ०), (०, ५) आणि दोन रेषांच्या छेदाचा (१.५, ३.५). खर्च वजा जाता कापसातून एकरी १८ हजार आणि सोयाबीनमधून १२ हजार उरतील असा अंदाज धरला तर नफा १८क्ष + १२य. सगळा कापूस, म्हणजे ३.६ एकर पेरून बाकी रान पडीक: ६४ हजार ८००. सगळे सोयाबीन: ६० हजार. दीड एकर कापूस आणि साडेतीन एकर सोयाबीन: ६९ हजार. नफ्याची रेषा स्वतःशी समांतर ठेवून पट्टीने वर सरकवत नेली तर चौकोनाला तिचा शेवटचा स्पर्श कोपऱ्यावरच होतो. आतल्या अगणित बिंदूंची तपासणी चार बिंदूंवर येऊन थांबते. आलेखाचा आणखी एक उपयोग: कापसाचा नफा १८ ऐवजी १९ हजार झाला तरी निर्णय तोच राहतो. २० हजारांना दोन कोपरे बरोबरीत येतात, प्रत्येकी ७२ हजार. २० च्या वर गेला तरच कापसाचा कोपरा जिंकतो. भावाचा अंदाज अचूक असावाच लागतो असे नाही. तो कोणत्या मर्यादेच्या कोणत्या बाजूला आहे एवढे कळले की पुरते. अनिश्चित भावाच्या काळात याहून कामाचे गणित कुठले?

कोपऱ्यांची ही गोष्ट विसाव्या शतकात कारखान्यांपासून सैन्यापर्यंत गेली. १९३८ मध्ये लेनिनग्राडच्या लिओनिद कांतोरोविच यांच्याकडे प्लायवूडच्या कारखान्याचा प्रश्न आला: यंत्रे आठ, लाकडाचे प्रकार पाच, कोणत्या यंत्रावर काय सोलावे? त्यांनी तो असमानतांत मांडला. १९७५ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल च्यालिंग कूपमन्स यांच्यासह मिळाले ते याच वाटेवरच्या कामासाठी. १९४७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज डान्झिग यांनी सिम्प्लेक्स पद्धत काढली: एका कोपऱ्यावर उभे राहायचे, नफा वाढेल अशा कडेने शेजारच्या कोपऱ्यावर जायचे, वाढणे थांबले की उत्तर. दोन चले असतील तर कोपरे बोटांवर मोजता येतात. पन्नास चले असतील आणि प्रत्येक चल ० ते १ च्या मध्ये असेल, तर कोपरे ११ कोटींना १ कोटीने गुणावे त्याहूनही जास्त. सिम्प्लेक्स सहसा त्यांतल्या थोड्याच कोपऱ्यांवरून जाते, पण १९७२ मध्ये क्ली आणि मिंटी यांनी असा एक वेडावाकडा घन रचून दाखवला की त्यात तिला प्रत्येक कोपऱ्यावर थांबत जावे लागते. १९७९ मध्ये खाचियान यांनी तत्त्वतः वेगवान अशी दुसरी पद्धत दिली. प्रत्यक्ष वापरात ती संथ निघाली.

या टप्प्यावर एक मराठी माणूस पुढे येतो. ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबातले नरेंद्र करमरकर १९७८ मध्ये मुंबईच्या आयआयटीतून पदवी घेऊन अमेरिकेत गेले, बर्कलीला त्यांनी डॉक्टरेट केली आणि बेल लॅबोरेटरीजमध्ये रुजू झाले. १९८४ मध्ये त्यांनी जी पद्धत मांडली तिने कडेकडेने चालणेच सोडले. ती छायांकित प्रदेशाच्या आतून जाते. प्रत्येक पायरीवर प्रदेशाचे रूप असे पालटून घ्यायचे की आपण जिथे उभे आहोत तो बिंदू मध्यावर यावा. मग चांगल्या दिशेने मोठे पाऊल टाकता येते, भिंत लगेच आडवी येत नाही. तत्त्वतः वेगवान आणि वापरातही वेगवान, दोन्ही एका पद्धतीत आले. १९ नोव्हेंबर १९८४ च्या न्यूयॉर्क टाइम्सने ही बातमी पहिल्या पानावर छापली. पुढे बेल लॅब्जची मालक असलेल्या एटी अँड टी कंपनीने या पद्धतीवर पेटंट मिळवले आणि गणितावर मालकी सांगता येते का, हा वाद जगभर पेटला. करमरकरांचे नाव मराठी शाळांत जितके घेतले जायला हवे तितके घेतले जात नाही. रेषीय असमानतांचा धडा ज्या दिवशी वर्गात सुरू होईल त्या दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात हे नाव लिहिले जावे, कारण मुलांनी पेन्सिलीने रंगवलेल्या भागातूनच हा माणूस चालत गेला.

यंत्र कितीही वेगवान असले तरी अट मांडायची राहिली तर ते वाट्टेल ते उत्तर देते. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी १९४५ मध्ये विचारले होते: ७७ खाद्यपदार्थांतून ९ पोषकद्रव्यांची किमान गरज भागवायची तर वर्षाला कमीत कमी खर्च किती? त्यांचे उत्तर होते १९३९ च्या भावाने ३९ डॉलर ९३ सेंट. १९४७ मध्ये सिम्प्लेक्सने तोच प्रश्न ३९ डॉलर ६९ सेंटवर आणला, म्हणजे स्टिग्लर अदमासाने २४ सेंटच चुकले होते. आपल्या शाळेतल्या खिचडीमागेही असमानताच आहेत: प्राथमिकच्या मुलाला किमान ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, उच्च प्राथमिकच्या मुलाला किमान ७०० आणि २०. सिम्प्लेक्सच्या डान्झिग यांनी पुढे स्वतःचा आहारही संगणकाकडून ठरवून घेतला, तेव्हा यादीत ५०० गॅलन व्हिनेगर निघाले. पदार्थाला वरची मर्यादा घालायची राहून गेली होती.

आपल्या पाच एकरांतही अशी एक अट राहिली आहे: माणसे. कापूस वेचायला मजूर मिळत नाहीत हे इथे कुणाला सांगायला नको. धरू की हंगामात मिळून ७० दिवसांचे मनुष्यबळ आहे, कापसाला एकरी ३० दिवस लागतात आणि सोयाबीनला १०. तिसरी अट: ३क्ष + य ≤ ७. मघाचा विजयी कोपरा (१.५, ३.५) घालून पाहिला तर येतात ८, म्हणजे तो बाहेर पडला. नवा कोपरा जमिनीच्या आणि माणसांच्या रेषांच्या छेदावर, (१, ४): एक एकर कापूस, चार एकर सोयाबीन, नफा ६६ हजार. आता पैशांची अट तपासली तर ५ अधिक १२ म्हणजे १७. खर्च ८५ हजारच, पाच हजार घरात शिल्लक. नव्या छायांकित भागाच्या कोणत्याही बिंदूला पैशांची रेषा शिवतसुद्धा नाही.

याचा कर्जाशी थेट संबंध आहे. माणसांची अट नसताना भांडवल ९० चे ९५ हजार केले असते तर छेदबिंदू (२, ३) वर गेला असता आणि नफा ७२ हजार झाला असता. पाच हजारांच्या कर्जाने व्याजापूर्वी तीन हजार मिळवून दिले असते, आणि शेकडा ३ दरमहा व्याजाने आठ महिन्यांचे १२०० रुपये देऊनही ते परवडले असते. माणसांची अट लागू असताना तेच कर्ज एक रुपयाही वाढवत नाही, व्याज मात्र तेवढेच. पैसा अडवतो आहे की माणूस, हे सावकाराच्या किंवा बँकेच्या दारात जाण्याआधी कळायला आलेखकागदावरच्या तीन रेषा लागतात.

वर घेतलेले एकरी खर्च, नफा आणि दिवस मांडणीपुरते आहेत. खरे आकडे प्रत्येकाच्या घरच्या वहीत आहेत, भाव बाजार समितीच्या फलकावर आहेत, आणि पीक-पद्धतींचा अभ्यास करणारे कृषी विद्यापीठ १९७२ पासून शेजारी परभणीत आहे. नववी-दहावीच्या वर्गाने या दिवाळीच्या सुट्टीत ते आकडे आणावेत, क्ष आणि य च्या जागी आपापले रान घालावे, पाण्याची पाळी मिळते त्यांनी चौथी रेषा काढावी, कापसात तुरीचे पाटे घालणाऱ्यांनी तिसरे चल कसे आणायचे ते गुरुजींशी बसून ठरवावे, आणि जानेवारीत ते कागद याच सभागृहात भिंतीवर लावावेत.